खाली टांगलेला ‘नु’

१

जिवंत होता तोवर उनोकिचीला गावात कुणी फारसं विचारत नव्हतं. टोफूवाल्याच्या छपरासकट तो आगीत कोसळून मेला आणि दुसऱ्या दिवसापासून निम्मं मिनोसे गाव त्याचं बालमित्र निघालं. मेल्या म्हशीला मणभर दूध, दुसरं काय! मागोशिचीला हे रोज ऐकावं लागत होतं, कारण त्याच्या बायकोचा हमाम होता आणि गरम पाण्यात उतरलं की माणसांच्या जिभा सैल सुटतात. उनोकिची त्याचा मेहुणा. बायको ओशिगे गल्ल्यावर बसून भावाचं कौतुक ऐकायची, डोळे पुसायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पंचा द्यायची. मागोशिची स्वतः कोतवालीसाठी चोरचिलटं हुडकायचं काम करी, म्हणजे दिवसभर लोकांच्या शिव्या खाई.

मिनोसेत प्रत्येक पेठेत आग विझवणाऱ्यांचा एक गट असतो, आणि पोरं पहिल्यांदा गिरवतात त्या अक्षरांतलं एकेक अक्षर प्रत्येक गटाला मिळालेलं असतं. ‘हि’ तेवढं कुणी घेत नाही. ‘हि’ म्हणजे आग. ती पाठीवर घालून कोण हिंडणार? उनोकिचीचा गट ‘नु’चा. दोन तिरप्या रेघा एकमेकींना छेदतात आणि शेवटी दोरीच्या सुरगाठीसारखं एक वेटोळं, असं ते अक्षर. कोटाच्या पाठीवर ‘नु’, उंच निशाणावर ‘नु’, लाकडी पाटीवर ‘नु’. जो गट आगीपाशी पहिला पोचेल त्याने आग ज्या घराशी अडवायची त्या घरावर आपली पाटी टांगायची आणि त्याच्या निशाणदाराने त्याच घराच्या छपरावर जाऊन उभं राहायचं. पाटी लागली की आग विझेपर्यंत निशाणदार खाली उतरत नाही. उतरला तर अक्षराला बट्टा लागतो, आणि बट्टा लागलेल्या अक्षराचा कोट घालण्यापेक्षा नागवं हिंडलेलं बरं, असं या लोकांना खरोखरच वाटतं.

दिवेलागणीला किहाची छत्रीवाल्याच्या दुकानाला आग लागली. तेल पाजलेले कागद आणि बांबू, जळायला वेळ कितीसा लागणार? शेजारच्या टोफूवाल्याच्या घरावर ‘नु’ची पाटी होती म्हणून निशाणदार उनोकिची त्या छपरावर चढला. वारा फिरला, ज्वाळा सरळ त्याच्यावर आल्या, तरी तो जागचा हलला नाही. गटाने पलीकडची घरं लोखंडी आकड्यांनी ओढून पाडली आणि आग तिथेच अडवली. छप्पर गेलं, उनोकिची गेला, एक भिंत तेवढी राहिली.

खरं तर या वसंतात ‘नु’ गट मोडायचा हुकूम निघाला होता. सारखे उशिरा पोचतात म्हणून पेठ शेजारच्या ‘रु’ गटाला द्यायची आणि ‘नु’ अक्षर गावातून पुसायचं ठरलं होतं. उनोकिचीच्या मरणानंतर कोतवालीने तो हुकूम गुंडाळून ठेवला. आग लावणाराही सापडला. घर रिकामं करायला सांगणाऱ्या मालकावर किहाची साऱ्या गल्लीदेखत ओरडला होता, “जाईन तेव्हा राख करून जाईन!” मांड्यांवर दगड रचले की माणूस जे कबूल करतो ते त्याने कबूल केलं. आग लावणाऱ्याला मिनोसेत जिवंत जाळतात. महिनाअखेरीला किहाचीची पाळी होती.

“जा, ती पाटी काढून आण,” कोतवालीचे ओनोदेरा साहेब मागोशिचीला म्हणाले. “मोठे साहेब ती देवळात ठेवणार आहेत. तुमच्या घराण्याचं नाव झालं बाबा!”

मागोशिची टोफूवाल्याच्या पडक्या घरापाशी गेला. शिडी कुणाकडे मागावी म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं, पण शिडी लागलीच नाही. पाटी साध्या खिळ्याला खांद्याइतक्या उंचीवर टांगलेली होती. त्याने दोन्ही हातांनी ती उचलली आणि तो तसाच उभा राहिला.

सगळी भिंत काळी ठिक्कर होती. पाटीमागचा तुकडा मात्र पांढराशुभ्र होता.

२

चुलीमागच्या भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेलं सूप काढलं की खाली असाच उजळ डाग निघतो, हे कुठल्याही सुनेला ठाऊक असतं. धूर सुपावर बसतो, सुपामागे बसत नाही. तेच सूप आधीच काळ्या झालेल्या भिंतीवर टांगलं तर मागे काळंच राहणार.

म्हणजे धूर आला तेव्हा पाटी तिथे होतीच. आग लागायच्या आधीपासून होती.

आग लागणार हे ज्याला आधी माहीत, त्यानेच ती लावली. आणि किहाची छत्रीवाल्याकडे ‘नु’ची पाटी येणार कुठून? चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती. इथे तर फाशीसुद्धा नव्हती.

पाटी फडक्यात गुंडाळून त्याने तोराजीला गाठलं. तोराजी ‘नु’चा शिडीवाला, उनोकिचीच्या मागे शिडी घेऊन धावणारा. गट बायकोच्या माहेरचा म्हणून तिथले सगळे मागोशिचीला दाजी म्हणायचे.

“तोराजी, पाटी कुणी टांगली रे?”

“नाईकांनी. दुसरं कोण टांगणार?”

“तू पाहिलंस?”

“पाहिलं नाही. आम्ही दोघं सगळ्यांच्या पुढं. उनोदा आणि मी पोचलो तर पाटी लागलेली! मी म्हटलं, नाईक आज उडत आले की काय? उनोदाने एकदा वाऱ्याकडे बघितलं. म्हणाला, ‘जागा चुकलीय रे, इथं टिकायचं नाही.’ मग म्हणाला, ‘पण लागलीय ना. लाव शिडी.’” तोराजीने दोन्ही हात पुढे केले. “मी लावली, दाजी. माझ्या हातांनी लावली.”

नाईक कुमागोरो गटाच्या पडवीत बसून नव्या दोरांना गाठी मारत होता. अंगाने बैल, मनाने ससा.

“पाटी? उनोकिचीने टांगली,” तो म्हणाला. “पठ्ठ्या माझ्या आधी पोचला ना!”

“तोराजी म्हणतो, ते पोचले तेव्हा पाटी लागलेली होती. त्याला वाटतं तुम्ही टांगली.”

कुमागोरोच्या हातातली गाठ सुटली. त्याने मागोशिचीकडे पाहिलं नाही, कोपऱ्यातल्या पेटीकडे पाहिलं. “दाजी, झालं ते सोन्यासारखं झालं. पोराचं नाव झालं, अक्षर वाचलं. आता खोदून काय काढताय?”

“त्या पेटीत काय आहे?”

“काही नाही.”

“मग उघडा.”

“नाही उघडणार,” कुमागोरो म्हणाला आणि पेटीवर जाऊन बसला.

३

बैलाला पेटीवरून उठवणं मागोशिचीच्याने होणार नव्हतं. तो ‘रु’ गटाकडे गेला. ‘रु’चा नाईक तात्सुझो म्हणजे तोंडाने विंचू. ‘नु’ गट मोडला असता तर पेठ त्यालाच मिळायची होती, तेव्हा ‘नु’ला खोटं पाडायला त्याचीच तर ही खेळी नसेल, अशी एक शंका मागोशिचीला चाटून गेली होती.

“या, या, ‘नु’चे जावई!” तात्सुझो ओरडला. “काय आणलंय फडक्यात? सासऱ्याने भाकर बांधून दिली?”

मागोशिचीने फडकं सोडलं. पाटी पाहून तात्सुझोचं हसू जरा ओसरलं. मेलेल्या माणसाचा मान त्यालाही होता.

“एक विचारू? तुम्हाला या पाटीत काही वावगं दिसलं का?”

“पाटीत नाही, टांगणाऱ्यात दिसलं. अहो, पाटी वळचणीला लावायची असते, शिडी लावून, दुसऱ्याचा हात पोचणार नाही अशी. ही बघावी तर पोराच्या दुपट्यासारखी खाली लोंबतेय! मनात आणलं असतं तर जाता जाता खिशात घातली असती.”

“मग का नाही घातली?”

“वर माणूस जळत होता हो,” तात्सुझो म्हणाला. मग त्याने पाटी उन्हाकडे वळवली आणि डोळे बारीक केले. “अरेच्चा! ही म्हातारी अजून जिवंत आहे?”

“म्हणजे?”

“हा कोपरा बघा. उडालाय ना? हा मी उडवलाय. माझ्या आकड्याने! मीठपेठेच्या आगीत आमची जुंपली होती तेव्हा. तुमचा सासरा देन्रोकु नाईक होता. त्याने बदल्यात माझे हे दोन दात घेतले.” त्याने अभिमानाने खिंडार दाखवलं. “पण ही पाटी तर बदलली. नव्या वर्षाला देवळात म्हाताऱ्याने स्वतः जाळली. मी होतो ना तिथं, साके प्यायला!”

“पाटी जळताना पाहिलीत?”

“पांढरं गाठोडं जळताना पाहिलं. पाटी उघडी कोण जाळतं? वैऱ्याला तिचं तोंड दिसू नये म्हणून तर गुंडाळतात.”

मागोशिचीने फडक्याला गाठ मारली, पण ती नीट बसेना. तात्सुझो त्याच्या हातांकडे बघत राहिला. आता त्याच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

“जावईबापू,” तो हळू म्हणाला, “मला ‘नु’ची पेठ हवी होती. पण अशी नको होती.”

४

दुसऱ्या दिवशी मागोशिची पुन्हा पडवीत गेला आणि कुमागोरोसमोर जुनी पाटी टेकवून ठेवली.

“नवी पेटीत आहे. बरोबर?”

कुमागोरोने हातातला दोर खाली ठेवला. मग तो उठला आणि त्याने पेटी उघडली. नवी कोरी पाटी, धुराचा एक डाग नसलेली, गवताच्या दोरासकट आत पडलेली होती.

“आग विझवून आलो आणि बघतो तर ही इथंच,” तो म्हणाला. “गडबडीत न्यायचीच राहिली होती. दाजी, मग तिथं कुठली पाटी होती? पण लोक बाहेर ‘नु, नु’ म्हणून ओरडत होते. पोराचं प्रेत अंगणात. सकाळ होते तो हुकूम रद्द झाल्याचा सांगावा आला. मी झाकण लावलं.”

“आणि किहाची?”

“त्याने कबूल केलंय.”

“तुम्ही मांडीवर दगड घेऊन बसा, तुम्हीही कबूल कराल.”

कुमागोरो रडायला लागला. एवढा मोठा माणूस रडताना पाहून मागोशिचीला दया यायला हवी होती, पण आली ती चीड. एक माणूस जळणार, आणि दुसरा पेटीचं झाकण लावून शोक करत बसणार! गटातल्या प्रत्येकाला वाटत होतं की पाटी दुसऱ्याने टांगली, आणि आपलं अक्षर वर दिसलं म्हणून एकानेही विचारलं नाही. अक्षराचं असलं वेड नसलेल्या दुसऱ्या कुठल्या गावात अशी चूक झाली नसती.

पुढचं गणित मागोशिचीला घरी जाता जाता सुटलं. सुटू नये असं त्याला फार वाटत होतं. जुनी पाटी शेवटची कुणाच्या हातात होती? देवळात गाठोडं जाळणाऱ्याच्या. अक्षर वाचावं म्हणून जिवाचा आटापिटा कुणाला होता? आणि उभ्या आयुष्यात कधी खाली न टांगलेली पाटी खाली कोण टांगेल? ज्याला आता शिडी चढता येत नाही तो.

ओशिगे चुलाणाला लाकडं घालत होती. “अहो, उशीर केलात. बाबांचे गुडघे फार दुखतायत, जरा गरम पाणी नेऊन द्या. हिवाळ्यापासून जिनासुद्धा चढत नाहीत.”

“नव्या वर्षाला पाटीला कापड तू शिवलंस ना?” मागोशिचीने विचारलं.

“मीच. का हो?”

“पाटी आत कुणी घातली?”

“बाबांनी. कुणाला हात लावू दिला नाही. मी म्हटलं गाठ मी मारते, तर केवढ्याने खेकसले माझ्यावर!” ती थांबली. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे तिने नीट पाहिलं. “काय झालं? खरं सांगा.”

“काही नाही,” मागोशिची म्हणाला आणि पाण्याची घागर उचलून बाहेर पडला.

५

देन्रोकु मेलेल्या मुलाच्या नावाने मांडलेल्या देव्हाऱ्यापुढे पाय पसरून बसला होता. उदबत्ती जळत होती, वाटीत भात होता. म्हाताऱ्याने गटाचा कोट अंगावर घेतला होता, निवृत्त झाल्यावरही तो कोट त्याने कधी पेटीत टाकला नव्हता.

“या जावईबापू. घागर ठेवा. चहा घेणार?”

“मामा, नव्या वर्षाला देवळात काय जाळलंत?”

देन्रोकुने उदबत्तीची राख बोटाने सारखी केली. “देवदाराची फळी,” तो म्हणाला. “उगाच गोलगोल फिरून विचारू नका, मला आवडत नाही.”

“का ठेवलीत जुनी?”

“तेव्हा? जाळायला जीव होईना म्हणून. दुसरं काही मनात नव्हतं. मग हुकूम आला, ‘नु’ मोडा म्हणून. माझ्या बापाने हे अक्षर पाठीवर घेतलं, मी घेतलं, पोराने घेतलं. कोतवालीतला एक पोरगेला कारकून ते एका रेघेत खोडणार!” म्हाताऱ्याचा आवाज चढला आणि पुन्हा खाली आला. “किहाची पोरीला घेऊन नदीवर वाळवलेल्या छत्र्या आणायला गेला होता. दुकानात कुणी नव्हतं. वारा पडलेला. एका कोपऱ्यात जरासा जाळ, आमची माणसं दोन गल्ल्यांवर. एका दमात विझली असती. कुणाचं नख दुखलं नसतं आणि ‘नु’ सगळ्यांच्या आधी पोचला म्हणून गावाने पाहिलं असतं. पाटी आधीच लावली, म्हटलं या वेळी तात्सुझो पुढं जायला नको.”

“वारा फिरला.”

“फिरला.”

“उनोकिचीला खाली बोलावलं नाहीत?”

“घसा फाटेस्तोवर ओरडलो! उतर, उतर म्हणून. त्याने ऐकलं. माझ्याकडे बघितलं, आणि खाली पाटीकडे बोट केलं.” देन्रोकु हसला. असलं हसणं मागोशिचीने कधी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायची त्याची इच्छा नव्हती. “मीच शिकवलेलं ना. गुणी पोर.”

मागोशिचीने घागर म्हाताऱ्याच्या पायांजवळ सरकवली. म्हाताऱ्याचा राग यावा तेवढा येत नव्हता, आणि किहाची आठवला की येत होता.

“मामा, किहाचीला जाळतील.”

“तो छत्रीवाला आहे. त्याच्या जागी दुसरा छत्रीवाला येईल. ‘नु’च्या जागी दुसरा ‘नु’ येणार नाही. माझं पोर त्याच्यासाठी गेलंय. आता ते पुसलं तर पोर कशासाठी गेलं, सांगा की!”

“मी कोतवालीत जाणार.”

“जा. मला विचारलं तर मी नाही म्हणणार,” देन्रोकु म्हणाला. “पाणी निवतंय, ते तेवढं पायांवर घाला.”

मागोशिचीने म्हाताऱ्याच्या गुडघ्यांवर पाणी घातलं. मग तो कोतवालीत गेला.

६

ओनोदेरा साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मूर्ख नव्हते ते, आणि तेच वाईट होतं.

“पांढरी भिंत,” ते म्हणाले. “पटतं मला. पण माझ्याकडे एक कबुली आहे, अंगठ्यासकट. भिंत अंगठा देते का? मोठ्या साहेबांनी वर कळवून टाकलंय की ‘नु’च्या निशाणदाराने प्राण देऊन पेठ राखली. आता मी जाऊन सांगू, की कुंपणानेच शेत खाल्लं?”

“साहेब, माणूस निर्दोष आहे.”

“म्हाताऱ्याला स्वतःच्या पायांनी इथं येऊन बोलू दे. तरच. आणि मागोशिची, घरी जाऊन थंड डोक्याने विचार कर. तुझी बायको त्याची मुलगी आहे. गाव काय म्हणेल, तुला मी सांगायला नको.”

दाराबाहेर किहाचीची बायको बसली होती, रोज बसायची. तिने मागोशिचीकडे आशेने पाहिलं नाही की रागाने पाहिलं नाही. तिला तिथे बसायची नुसती सवय झाली होती. पोर तिच्या मांडीवर झोपली होती. मागोशिचीला वाटलं, या बाईने एक शिवी तरी द्यावी.

घरी त्याने ओशिगेला सांगितलं. सगळं, भिंतीपासून गुडघ्यांपर्यंत. संपल्यावर तिने हात पुसले, डोक्याचं फडकं सोडलं आणि चप्पल घातली.

“कुठं निघालीस?”

“माहेरी,” ती म्हणाली.

तो तिच्या मागे गेला. देन्रोकु तसाच बसलेला होता. ओशिगे उंबऱ्यात उभी राहिली, आत गेली नाही.

“बाबा, दादा चढला तेव्हा त्याने विचारलं का, पाटी कुणी लावली म्हणून?”

देन्रोकुने मान वर केली. जावयाकडे पाहिलं आणि तो समजला. “पोरी, तू यात पडू नकोस. मी हे सगळं—”

“विचारलं का त्याने?”

“नाही.”

“जागा चुकलीय हे त्याला दिसत होतं. तोराजीला बोलला तो तसं. तरी चढला. का? लागली म्हणजे लागली, मागं सरायचं नाही, म्हणून. लहानपणी जेवताना, झोपताना तुम्ही आम्हाला हेच सांगायचात. मला तर कोटही मिळणार नव्हता, तरी सांगायचात.” तिचा आवाज इतका शांत होता की मागोशिचीला भीती वाटली. “पाटी तुम्ही लावलीत. त्याने तुमची जागा धरून ठेवली. आता तुम्ही उतरून छत्रीवाल्याला वर चढवणार?”

देन्रोकुने अंगावरच्या कोटाची बाही चाचपली. रस्त्याने कुणीतरी बोरू विकत गेला.

“अक्षर जाईल, ओशिगे.”

“जाऊ दे.”

“मला जाळतील ग.”

“माहीत आहे मला,” ती म्हणाली, आणि आता तिचं तोंड वेडंवाकडं झालं. “माहीत नसतं तर मी आले असते का?”

म्हाताऱ्याने दोन्ही हात जमिनीला टेकले. एकदा उठायचा प्रयत्न फसला. जावई पुढे झाला तर त्याने त्याचा हात झटकला. दुसऱ्यांदा तो उठला. अंगावरचा कोट काढून त्याने घडी केली, देव्हाऱ्यापुढे ठेवली आणि साध्या अंगरख्यावर, लेकीचा खांदा धरून, कोतवालीच्या रस्त्याला लागला.

७

किहाचीला सोडलं तेव्हा त्याला चालता येत नव्हतं. मागोशिचीने त्याला पाठीवर घेतलं. गावातून जाताना कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“माफ करा,” मागोशिची म्हणाला. दुसरं काय म्हणावं ते त्याला सुचलं नाही.

“कबूल केलं तेव्हा बरं वाटलं होतं हो,” किहाची पाठीवरून म्हणाला. “दगड काढले त्यांनी. पाणी दिलं. आता मी कुठं राहू? आगीच्या गल्लीत मला घर कोण देणार? निर्दोष असलो म्हणून काय झालं, लोकांच्या तोंडी माझंच नाव बसलंय.”

मागोशिचीने त्याला पाठीवर नीट सावरलं. तो चालत राहिला.

‘नु’ गट मोडायचा हुकूम पुन्हा निघाला, पण तारीख जरा पुढची होती. त्याचं कारण मागोशिचीला नंतर कळलं. माणूस जाळायचा म्हणजेही आगच ती. ठिणगी उडून गाव पेटू नये म्हणून त्या पेठेच्या गटाने पाण्याच्या बादल्या घेऊन भोवती उभं राहायचं असतं. जिथे जाळतात तो माळ ‘नु’च्या पेठेत होता. नव्या गटाची वाटणी अजून व्हायची होती. काम ‘नु’लाच आलं.

त्या दिवशी ते सगळे आले. पाठीवर अक्षर, हातात भरलेल्या बादल्या. कुमागोरो, तोराजी, सगळे. मध्ये खांबाला त्यांचा म्हातारा नाईक बांधलेला. त्यातल्या निम्म्यांना आकडा धरायला त्यानेच शिकवलं होतं. पाणी ओतायचं नाही, ठिणगी बाहेर आली तरच ओतायचं, असं ओनोदेरा साहेबांनी त्यांना दोनदा बजावलं. जाळ चढला तसा तोराजी एक पाऊल पुढे गेला आणि कुमागोरोने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. देन्रोकु ओरडला नाही असं लोक सांगतात. मागोशिची तिथे होता, त्याने ते ओरडणं ऐकलं, आणि लोक काय सांगतात ते त्याने कधी खोडून काढलं नाही.

संपल्यावर गटाने कोट काढून एका ढिगात टाकले. तात्सुझो ते न्यायला आला होता. एवढ्या तिखट जिभेचा माणूस, पण वाकून एकेक कोट उचलून त्याची घडी करू लागला.

मागोशिचीला वाटलं होतं, आता हमामकडे कुणी फिरकणार नाही. आग लावणाऱ्याच्या लेकीचा हमाम! त्याने ठरवलं होतं की दार लावून घ्यायचं आणि ओशिगेजवळ बसायचं. पण तो माळावरून परतला तर दारापुढे चपलांचा खच पडलेला. आत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळा गाव माळावरून थेट इथे आला होता, अंगाला लागलेला धुराचा वास धुवायला. पाण्यात बसून माणसं बोलत होती. म्हातारा शेवटपर्यंत ताठ होता म्हणे. छत्रीवाल्याचाही काहीतरी हात असणारच म्हणे. यंदाचे मुळे मात्र चांगले पोसलेत.

ओशिगे गल्ल्यावर बसून पंचे देत होती. मागोशिची तिच्यापाशी गेला. “ऊठ. मी बसतो. तू आत जाऊन पड.”

तिने मान हलवली. येणाऱ्याला पंचा दिला, जाणाऱ्याचा नमस्कार घेतला.

“ओशिगे वहिनी,” आतून कुणीतरी हाक मारली, “पाणी जरा कोमट झालंय हो!”

“हो, घालते,” ती म्हणाली. ती उठली आणि मागे जाऊन चुलाणात लाकडं सारून आली.